आकडा हलला नाही

चाळीसेक ओळी लिहून झाल्या, प्रोग्राम नव्याने बांधून झाला, आणि तरी मेमरीचा आकडा जागचा हलला नाही, तेव्हा बारकीला आधी स्वतःचाच राग आला. सेव्ह करायचं राहिलं असणार. तिने सेव्ह केलं, पुन्हा बिल्ड लावलं, म्हणजे प्रोग्राम बांधायला घातला, आणि खुर्चीत मागे टेकून बसली. स्क्रीनवर ओळी धावल्या, थांबल्या, आणि तळाला पुन्हा तेच उमटलं: एकतीस हजार नऊशे चार.

दोघी बहिणींत ही धाकटी, त्यात अंगाने काडी, म्हणून घरचे तिला बारकी म्हणत. हे नाव कंपनीत कुणी पोचवलं हे तिला कधी कळलं नाही, पण तिथे ते घरापेक्षा जास्त शोभून गेलं, कारण तिचं कामच जागा वाचवायचं. कंपनी बाळांसाठी वॉर्मर बनवायची. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ ज्या उघड्या पाळण्यात ठेवतात, ते मशीन. वरून हीटर, आणि बाळाच्या पोटावर चिकटपट्टीने लावलेला सेन्सर. बाळ गार पडू लागलं की हीटर वाढतो, पुरेशी ऊब मिळाली की उतरतो. हे सगळं ठरवणारी चिप नखाएवढी, आणि तिच्या पोटात कायमचा भरायचा प्रोग्राम, ज्याला ही मंडळी फर्मवेअर म्हणत, तो जेमतेम बत्तीस हजार सातशे बाइटांच्या जागेत बसवायचा. फोनमधला एक धड फोटो तेवढ्यात मावत नाही. त्यामुळे प्रत्येक बिल्डनंतर ‘किती खाल्लं?’ हे बघायची बारकीला सवयच लागली होती, घरून निघताना कुलूप ओढून बघावं तशी.

आजचं काम साधं होतं. जुनी मशीनं वापरणाऱ्या एका हॉस्पिटलने कळवलं होतं की बाळाच्या अंगावरून सेन्सर निसटला की तुमचं मशीन नुसतं कोकलतं. नेमकं काय झालं ते स्क्रीनवरही लिहा. मागणी रास्त होती. सेन्सर निसटणं ही वॉर्मरच्या बाबतीत सगळ्यात वाईट गोष्ट. चिकटपट्टी घामाने सुटते, बाळ पाय झाडतं, आणि सेन्सर पोटावरून घसरून बाजूला पडतो. तिथे त्याला खोलीतली गार हवा लागते. मशीनला वाटतं, अरे, बाळ गार पडलं! आणि ते बिचारं इमानेइतबारे हीटर वाढवत सुटतं. म्हणून प्रोग्राममध्ये एक पहारेकरी फंक्शन, म्हणजे एकच नेमून दिलेलं काम करणारा ओळींचा गट, होतं. इतका वेळ तापवूनही सेन्सर गरम होत नाही म्हणजे तो बाळाच्या अंगावर नाहीच, हे ओळखायचं, हीटर बंद करायचा आणि भोंगा वाजवायचा. बारकीने त्याच फंक्शनमध्ये संदेश दाखवायच्या ओळी घातल्या होत्या. दोनशे-अडीचशे बाइट तरी वाढायला हवे होते.

तिने आधीच्या बिल्डच्या सगळ्या फायली पुसून पहिल्यापासून बिल्ड लावलं. एकतीस हजार नऊशे चार.

“दादा, जरा येता का?” तिने पलीकडच्या टेबलाकडे बघून हाक मारली. “मला बहुतेक वेड लागलंय.”

“बहुतेक?” पलीकडून आवाज आला. “आम्हाला तर खात्री होती.”

हा दाढी. कंपनीतला सगळ्यात जुना प्रोग्रामर. छातीपर्यंत आलेली दाढी आणि तिच्यात कायम अडकवलेली एक पेन्सिल. बारकी नवी असताना त्याने तिला अक्षरशः बोट धरून हे काम शिकवलं होतं, आणि ते पहारेकरी फंक्शनही त्याच्याच हातचं. तो चहाचा कप घेऊनच आला.

“सेव्ह केलंस?”

“दोनदा.”

“भलत्याच फोल्डरमधून बिल्ड करत असशील. मी एकदा अख्खी दुपार असा भांडत बसलो होतो, मशीनशी.”

“तेही बघितलं. बघा ना, एवढं सामान घातलं आणि काट्याला पत्ताच नाही.”

“मग काढून बघ,” दाढी म्हणाला. “घातल्याने वाढत नाही तर काढल्याने कमी होतंय का बघू.”

बारकीने नव्या ओळी काढल्या. आकडा तोच. मग तिने, जरा गंमत म्हणूनच, फंक्शनच्या आतलं सगळं उडवलं. आकडा तोच. तिने अख्खं फंक्शन, नावानिशी, फाईलमधून पुसून टाकलं आणि बिल्ड लावलं. एखाद्या कामाच्या फंक्शनचं असं केलं तर कंप्युटरने बोंब मारायला हवी, की हा माणूस अमक्याला हाक मारतोय आणि तो घरातच नाही. पण त्याने एकही चूक दाखवली नाही. ओळी गुमान धावल्या आणि तळाला उमटलं: एकतीस हजार नऊशे चार.

दाढीच्या हातातला कप वाटेतच थांबला होता.

“हे आत नाहीच आहे,” बारकी म्हणाली. “दादा, हे फंक्शन मशीनमध्ये नाहीच आहे.”

“काहीतरीच बोलू नकोस. मी स्वतः लिहिलंय. मुख्य प्रोग्राममधून त्याला बोलावतो आपण. उघड, मी दाखवतो.”

तिने उघडलं. ओळ होती. अगदी समोर, दाढीच्या सवयीप्रमाणे शेजारी टीप लिहून: सेन्सर निसटला का ते बघा.

“ही काय!” दाढीने सुटकेचा श्वास सोडला. “उगाच घाबरवतेस.”

पण बारकीची नजर त्या ओळीच्या वर गेली होती. वर एक अट होती. बोर्ड, म्हणजे चिप बसवलेली पाटी, अमुक नावाची असेल तरच पुढची ओळ घ्या, नाहीतर सोडून द्या. ते नाव जुन्या बोर्डाचं होतं. दोन वर्षांपूर्वी चिप बदलली, बोर्ड बदलला, बोर्डाचं नाव बदललं. बाकी सगळीकडे नवं नाव घातलं गेलं होतं. या एका जागी राहिलं होतं. ती ओळ माणसांना दिसत होती, कंप्युटरला दिसत नव्हती. आणि ज्या फंक्शनला कुणीच बोलावत नाही, त्याला शेवटची जोडणी करणारा प्रोग्राम सरळ बाहेर ठेवतो, जागा वाचावी म्हणून. तशी त्याला सूचना दिलेलीच असते.

“नव्या बोर्डावर आलो तेव्हा साइज कमी झाली होती,” दाढी हळू म्हणाला. “आठवतं? आपण म्हटलं, नवा कंपाइलर भारी निघाला.”

आठवत होतं. कंपाइलर म्हणजे लिहिलेल्या ओळी चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम; त्याच्या कौतुकात सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, त्या दिवशी सगळ्यांना केक खाऊ घातला होता.

“पण टेस्ट?” बारकी म्हणाली. “प्रत्येक मशीन बाहेर पडण्याआधी सेन्सर काढून बघतात की!”

“वायर उपटून बघतात,” दाढी म्हणाला. “वायर तुटल्याचं ओळखणारं फंक्शन वेगळं आहे. ते वाजतं. निसटण्याची टेस्ट आपण जुन्या बोर्डावर केली होती. नव्यावर... बोर्डच तर बदललाय म्हणून...”

कोपऱ्यात एक वॉर्मर कायम लावलेला असे. त्यात बाळाच्या जागी पाण्याची रबरी पिशवी. कुणीतरी तिच्यावर मार्करने डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं. बारकीने पिशवीच्या पोटावरची चिकटपट्टी सोलली आणि सेन्सर गादीच्या कडेला, हीटरच्या झोताबाहेर, टाकून दिला. मग दोघं उभे राहिले.

स्क्रीनवरचा आकडा घसरत घसरत खोलीच्या तापमानावर आला. हीटरची पट्टी पूर्ण भरली. वरची नळी लालबुंद झाली. हिरवा दिवा शांतपणे जळत राहिला. सगळं ठीक आहे, असं सांगणारा दिवा. दोघं भोंग्याची वाट बघत होते. खरं तर बारकी मनातल्या मनात विनवत होती, वाज बाबा, एकदाचा वाज, आम्हाला मूर्ख ठरव. नवा चहा करून प्यायला जावा इतका वेळ गेला. पिशवीतलं पाणी आतून सळसळल्यासारखं वाटायला लागलं. दाढीने तिच्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. रंगवलेलं तोंड हसतच होतं.

तेव्हा बारकीला ताई आठवली.

आठवली म्हणजे विसरली होती असं नाही. गेले चार दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. थोरल्या बहिणीला महिनाभर आधीच मुलगी झाली होती, मूठभर, आणि तिला हॉस्पिटलात वॉर्मरवर ठेवलं होतं. बारकी भेटायला गेली तेव्हा काचेतून मशीनवरचं कंपनीचं नाव बघून तिची छाती फुगली होती. ताई रडवेली झालेली, तर तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली होती, “अगं, आमचंच मशीन आहे. मावशीच्या मांडीवर आहे असं समज.”

तिने ताईला फोन लावला. ताईचा फोन वाजून वाजून बंद झाला. आत फोन नेऊ देत नसत. मग भावोजींना लावला.

“बोला मेहुणीबाई!” भावोजी बाहेरच्या बाकावर पेंगत असावेत. “आज मामला एकदम शांत. तुमची भाची काय झोपलीये! सकाळपासून हूं की चूं नाही.”

बारकीने त्यांना मधेच तोडलं.

“भावोजी, आत्ताच्या आत्ता आत जा. सिस्टरना बोलवा. बाळाला हात लावून बघायला सांगा.”

“अहो पण काय झालं?”

“मशीन बिघडलंय. म्हणजे बिघडलं नाही, ते तसंच आहे. तुम्ही जा ना! पळा!”

भावोजी जाडजूड माणूस, पण पळाले. फोन कानालाच होता त्यांच्या, त्यामुळे बारकीला चपलांचा फटफटाट, काचेवर हाताच्या थापा, कुणाचं तरी दटावणं, असं सगळं ऐकू येत होतं. मग एक करडा आवाज आला.

“कोण बोलतंय? मी इथली सिस्टर. वॉर्मर व्यवस्थित चालू आहे. हिरवा दिवा आहे.”

“सिस्टर, त्या दिव्यावर विश्वास ठेवू नका.” बारकीने श्वास घेतला. “मी हे मशीन बनवणाऱ्या कंपनीतून बोलतेय. सेन्सर बाळाच्या अंगावरून निसटला तर मशीनला कळत नाही. कळायला हवं, पण कळत नाही. ते तापवत राहतं. आधी बाळाला हात लावा, मग मला काय बोलायचं ते बोला.”

सिस्टर आत गेल्याचा आवाज आला. बारकीने टेबलाची कड घट्ट धरली होती. दाढी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

“बाळ छान आहे,” सिस्टर परत आल्या. “सेन्सर पोटावर पक्का आहे. तापमानही बरोबर.”

बारकी खाली फरशीवरच बसली. हसू आणि रडू एकदम आलं. दाढीने डोळे मिटले. पण लगेच तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि ती बसल्या जागी ताठ झाली.

“सिस्टर, आमची आणखी मशीनं आहेत तिथे?”

“सहा आहेत. सगळ्यांवर बाळं आहेत.”

“सगळ्यांना हात लावा.”

या वेळी सिस्टरनी काही विचारलं नाही. फोन बहुतेक तसाच हातात ठेवून त्या एकेका पाळण्यापाशी जात होत्या. ठीक आहे, असं पुटपुटणं ऐकू आलं. पुन्हा एकदा. मग पावलं थांबली, आणि कापड बाजूला सारल्यासारखा आवाज. त्यानंतर जे ऐकू आलं ते बारकी जन्मभर विसरणार नव्हती. सिस्टर मोठ्याने ओरडल्या नाहीत. त्यांचा करडा आवाज एकदम बारीक झाला.

“अगं बाई... हे तर चटका बसावा इतकं तापलंय. डॉक्टर! डॉक्टरांना बोलवा!”

आणि फोन बंद झाला.

सर वर आले ते हा फोन बंद झाल्यावर थोड्याच वेळाने. बडबडे, हौशी, प्रत्येक मशीनवर आपल्या हाताने कापड मारणारे. वर येऊन बघतात तर एक जण फरशीवर, दुसरा भिंतीला टेकून, आणि मधे वॉर्मरमध्ये वाफाळलेली पिशवी. दाढीने त्यांना सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही आणि एकही स्वतःच्या बाजूने घातला नाही.

“बाहेर कुणाला बोललात?” हा सरांचा पहिला प्रश्न.

“हो,” बारकी म्हणाली.

“अगं, आधी मला तरी... आधी नीट खात्री करून घेऊ. वकिलांशी बोलू. असं एकदम—”

“सर, हात लावा,” दाढी म्हणाला.

सरांनी पिशवीवर तळवा टेकवला. तो त्यांनी लगेच उचलला नाही. जाणूनबुजून थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग तळहाताकडे बघत राहिले. लाल झाला होता.

“त्या बाळाचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही. फोन उचलत नाहीत.”

सर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग खिशातून आपला फोन काढला. “मशीनं कुठे कुठे गेलीत ते मला तोंडपाठ आहे,” ते म्हणाले. “मीच विकलीत. तुम्ही दोघं काय दुरुस्त करायचं ते करा.” आणि त्यांनी पहिला नंबर लावला. एरवी ज्यांना कुठे थांबावं हे कळत नसे, ते सर दुपारभर एकच गोष्ट सांगत राहिले: सेन्सरवर चालवू नका, हाताने मंद आचेवर लावा, दर थोड्या वेळाने बाळाला हात लावून बघा, जमेल त्या बाळाला आईच्या छातीशी द्या. एकाने शिव्या घातल्या. सरांनी त्या पूर्ण ऐकून घेतल्या आणि मग म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण आधी मशीन सेन्सरवरून काढलंत का?”

दुरुस्ती म्हणजे एक शब्द. जुन्या बोर्डाच्या नावाजागी नव्याचं नाव. पुसलेलं फंक्शन परत घालून बारकीने तो शब्द बदलला आणि बिल्ड लावलं. ओळी धावल्या आणि मधेच थांबल्या. लाल अक्षरं आली.

“मावत नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“फंक्शन आत आलं. पण आता प्रोग्राम चिपमध्ये मावत नाही. सहाशेच्या वर बाइट जास्त होतायत.”

दाढी खाली वाकला. पहारेकऱ्याची जागा रिकामी झाली होती हे कुणाला माहीत नव्हतं, पण जागा आहे एवढं दिसत होतं. दोन वर्षांत तिथे एकेक सामान येऊन बसलं होतं. छान अक्षरं, बटण दाबल्यावरचे मंजुळ स्वर, आणि सगळ्यात मोठा नग म्हणजे मशीन चालू केल्यावर स्क्रीनभर झळकणारं कंपनीचं बोधचिन्ह. सरांचा जीव की प्राण. हजार बाइटांच्या वर खात होतं ते.

फोन कानाला असतानाच सरांना त्या दोघांच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं. त्यांनी फोनवर हात ठेवला. “काय अडलंय?”

“जागा,” बारकी म्हणाली. “तुमचं चित्र काढावं लागेल.”

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण कुठे काय मांडून बसलो होतो हे एकदम दिसल्यासारखं काहीतरी होतं. “काढ,” ते म्हणाले. “विचारतेस काय?”

या वेळी आकडा हलला. बारकीने तो वाचला, मग नव्या ओळी काढून पुन्हा वाचला, घालून पुन्हा वाचला. दर वेळी हलत होता. प्रोग्राम कोपऱ्यातल्या मशीनमध्ये भरला, सेन्सर गादीच्या कडेला टाकला आणि तिघंही वाट बघत उभे राहिले. भोंगा वाजला तेव्हा इतका कर्कश वाटला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. दाढी भोंगा बंद करायला पुढे झाला नाही. तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या दाढीतली पेन्सिल हलत होती.

ते बाळ वाचल्याचं कळलं ते संध्याकाळी भावोजींच्या फोनमुळे. बराच ताप चढला होता, कातडी लाल झाली होती, अंगातलं पाणी कमी झालं होतं. डॉक्टरांच्या मते आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. “आमची ठणठणीत आहे,” भावोजी म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात, “त्या बाळाचे वडील मला मिठी मारून रडले हो. मी काय केलं? मी फक्त पळालो.”

बारकी हॉस्पिटलात गेली. ताईने तिला बघून मुलगी दोन्ही हातांनी जवळ ओढली. नकळतच झालं असेल ते, पण बारकीला दिसलं. मग ताईच म्हणाली, “ये, बस. घाबरले होते गं.” आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. मूठभर जीव, पण ऊब केवढी. बारकीने तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

पलीकडच्या पलंगावर एक तरुण बाई पाठीला उशा लावून बसली होती. तिच्या छातीशी, कपड्याच्या आत, ते दुसरं बाळ होतं. नुसता लालसर कान दिसत होता.

“तुम्हीच फोन केलात ना?” ती म्हणाली. “सिस्टर सांगत होत्या. तुमचे उपकार कसे—”

“तसं म्हणू नका,” बारकी घाईघाईने म्हणाली. ताईने तिचा हात दाबला, पण ती थांबली नाही. “मशीन आमचं आहे. आम्हीच बनवलेलं. त्यात जे असायला हवं होतं ते नव्हतं, आणि आम्हाला ते आज सकाळी कळलं. दोन वर्षं नव्हतं.”

बाई तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. त्याला जायला वेळ लागला. तिने खाली बाळाकडे बघितलं, मग भिंतीपाशी ओढून ठेवलेल्या, वायर काढलेल्या मशीनकडे.

“दोन वर्षं?” शेवटी ती म्हणाली. “म्हणजे आमच्या आधी पण इथे बाळं होती...”

बारकीने होकारार्थी मान हलवली. हा प्रश्न तिला दुपारपासून कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारू दिला नव्हता.

“त्यांचं काय झालं?”

“माहीत नाही,” बारकी म्हणाली. “उद्यापासून तेच विचारत फिरायचंय.”

बाळ जरा चुळबुळलं, तेव्हा त्या बाईने दोन्ही हात त्याच्याभोवती गच्च केले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. ताईने बारकीच्या मांडीवरून मुलीला हळूच उचलून घेतलं. बारकी उठली, पण दाराकडे गेली नाही. त्या बाईच्या पलंगाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसली. जा, असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि थांब असंही नाही. ती तिथेच बसून राहिली.